लंगडीच्या चालीनं

तेजराम पटेलांच्या नऊ म्हशी त्या सकाळी आखरावर आल्या नाहीत.

रुख्मानं दोनदा मोजलं. वीस ढोरं झाली की ओच्यात एक खडा टाकायचा, ही तिच्या नवऱ्याची रीत. तीन खडे आणि वर नऊ, असं चिचटोला गावचं गोहन, सगळ्या घरांचा मिळून कळप. आज तीनच खडे झाले. पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. गावची ढोरं जमायच्या त्या आखरावर घोट्याएवढा चिखल झाला होता, गाई शेपट्यांनी गोमाशा हाकलत एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या होत्या, आणि सहा पोरं त्यांच्यामध्ये काठ्या घेऊन भिजत होती. सगळ्यांत मोठा कवडू, आठ वर्षांचा. सगळ्यांत लहान नंदी, तिला सहावं सरून चार महिने झालेले.

मालगुजारी, इकडची जमीनदारी, गेली त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मिरग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली आणि श्रावणात पाणी आलं. सगळ्या गावाचा रोवणा, भाताची लावणी, एकाच आठवड्यात आला. हात म्हणून जेवढे होते तेवढे बांधीत, भाताच्या खाचरांत, वाकलेले. त्यातच रुख्माचा नवरा टिकाराम, गावची ढोरं राखणारा गायकी, त्याच्या पायावर बैलानं पाय दिला. अंगठ्याचं नख उपटून आलं आणि पाय नडगीपर्यंत सुजला. मग गोहन घेऊन रुख्मा निघाली, आणि तिच्या पहिल्याच दिवशी वाघानं भैयाजीची, कवडूच्या बापाची, तांबडी गाय नेली.

पंच बसले. भैयाजी नुसता जमिनीकडे बघत राहिला, आणि तेच रुख्माला जास्त लागलं. ठरलं असं की टिकारामचा पाय बरा होईस्तोवर हर घरून एक जण गोहनासोबत जाईल. पण घरोघरी रोवण्यातून सुटलेला हात म्हणजे पोराचाच. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आजच, आखरावर ही सहा पोरं आली. रुख्मानं कपाळावर हात मारला होता. साठ ढोरं राखायची होती, आता साठ आणि सहा झाली.

तेजराम पटेल छत्री धरून हळूहळू येताना दिसले. त्यांचे गुडघे पावसाळ्यात धरायचे. चिखलात काठी रोवायचे, मग एक पाय, मग दुसरा.

"पटेल, म्हशी?" रुख्मानं विचारलं.

"म्हशी आता वेगळ्या चरतील. गोवर्धन नेईल पल्याडच्या बोडीच्या पान्यावर."

"काऊन?"

"काऊन मनतेस? भैयाजीची गाय कोनाच्या हाती गेली? बाईमान्साच्या भरवशावर नऊ म्हशी सोडू का मी?"

"म्हशी काढल्या तं गाई उघड्या पडतीन. वाघ म्हशीले भेते, पटेल. गाईले नाही भेत."

"मंग मी काय गावाच्या गाई राखाले म्हशी पोसल्या?" पटेलांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "देखो बाई, मी गोल गोल बोलत नाही. पोळ्याले पंच बसतील. आनखी एक जनावर गेलं, तं गायकी दुसऱ्या घरी जाईल. आनि ज्याची गायकी त्याचं आखराचं घर, हे तुले मालूम आहे."

पोरं कान देऊन ऐकत होती. रुख्माला वाटलं, निदान ही पोरं नसती तर बरं झालं असतं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि "चला रे," म्हणाली.

मागून टिकारामचा आवाज आला. तो घराच्या दारात पाय लांब करून बसला होता. "लंगडीले समोर नको घेऊ!"

"मले शिकवू नको," ती न वळता म्हणाली.

*

लंगडी ही रुख्माची स्वतःची गाय. गोहनात त्यांची तेवढीच एक. वासरू असताना मागचा पाय खड्ड्यात मोडला, तो आखूड राहिला. दोन शेर दूध द्यायची आणि सगळ्यांच्या मागं चालायची. टिकारामनं सागाच्या लाकडाची एक घंटी कोरून तिच्या गळ्यात बांधली होती. टक… टक… अशी ती वाजायची, थांबून थांबून, आणि त्या आवाजावरून गोहनाचं शेपूट कुठं आहे ते पुढच्याला समजायचं.

पहिल्या दिवशी पोरं रानाच्या तोंडाशी पोचली आणि चहूकडे पांगली. जिथं गवत हिरवं दिसेल तिथं ज्याची त्याची गाय आणि ज्याचं त्याचं पोर. कवडू तर आपली गोरी गाय हाकत नाल्यापर्यंत गेला. रुख्मा ओरडून ओरडून घोगरी झाली. शेवटी तिनं काठी टाकली आणि मटकन खाली बसली. ती का ओरडत नाही हे बघायला पोरं एकेक करून आली, तेव्हा तिनं त्यांना बसवून घेतलं.

"आता आयका. गोहन लंगडीच्या चालीनं चालन. ती थांबली का सारे थांबतीन. कोनाची बी गाय असो, कोनी बी असो."

"ती तं मुंगीवानी चालते," कवडू म्हणाला.

"मनूनच. वाघ काय समोरच्याले धरते का? तो मांगं राहिलेल्याले धरते. मांगं कोनी राहिलंच नाही, तं तो धरन कोनाले?"

कवडूनं थोडा विचार केला. "आमची तांबडी मांगं राहिली होती?"

"हाव." रुख्मा दुसरीकडे बघत म्हणाली. "मी समोर होती."

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना मोहाच्या झाडाखाली चितळं दाखवली. झाडावर वांदरं बसून पाला ओरबाडत होती, अर्धा खात होती, अर्धा सांडत होती. खाली वीसेक चितळं तो सांडलेला पाला वेचत होती.

"मोजा, किती खाऊन राहिले आनि किती मान वर करून आहेत."

पोरांनी बोटं मोडली. कधी तीन माना वर असायच्या, कधी चार. एक खाली गेली की दुसरी वर यायची. कधीही सगळ्या खाली जात नव्हत्या.

"यायले कोन सांगते, तू खा, तू पाहा?" नंदीनं विचारलं.

"कोनी नाही सांगत. एकटं असतं तं त्याले खाताच आलं नसतं, दिवसभर पाहाच लागलं असतं. वीस आहेत मनून पोटभर खाते. आनि वर वांदर आहे. त्याले दुरून दिसते. चितराले दूरचा वास येते. याचे डोरे, त्याचं नाक. वांदर खकारला का चितर धावते."

"मंग आपल्यातला वांदर कोन?" एकानं विचारलं.

"कवडू!" बाकीची एका आवाजात ओरडली, आणि कवडूनं खरंच झाडावर चढून खॅक खॅक केलं. त्या आठवड्यात रुख्मा त्या वेळी पहिल्यांदा हसली.

पण दिवसभर भिजलेली पोरं सकाळी पुन्हा त्याच चिखलात यायची. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, पाय टाकताना ती तोंडं वाकडी करायची. रुख्मा दुपारी त्यांच्या पायांना करंजाचं तेल लावायची. वाटेत बांधीत त्यांच्या आया पाठीवर पावसासाठी पळसपानांचे मोरे बांधून ओळीनं वाकलेल्या असायच्या. पोराचा आवाज आला तरी मान वर करायला त्यांना फुरसत नसायची. एखादी वाकल्या वाकल्याच विचारायची, "नंदी, भात खाल्ला का वो?" आणि नंदी बांधीच्या धुऱ्यावरून ओरडायची, "खाल्ला!"

चौथ्या दिवशी धुरा फुटून एका बांधीत पाणी भरलं होतं. त्यावर तांबडा, मुठीएवढा गोळा तरंगत होता. कवडूनं काडी लावली तर गोळा हलला. मुंग्या होत्या. वारूळ बुडालं तशा एकमेकींचे पाय धरून त्या पाण्यावर गोळा झाल्या होत्या.

"एकटी असती तं केव्हाचीच मेली असती," रुख्मा म्हणाली. "पाहा, अंडी मंधात आहेत."

"पन ज्या खाली आहेत त्या बुडून राहिल्या ना?" कवडूला ते खटकलं होतं.

"नीट पाहा."

पोरं धुऱ्यावर पालथी पडून बघत राहिली. गोळा हळूहळू फिरत होता. खालच्या ओल्या मुंग्या चढून वर येत होत्या, वरच्या खाली जात होत्या. कोणतीच फार वेळ पाण्यात राहत नव्हती आणि कोणतीच फार वेळ कोरड्यातही राहत नव्हती.

"पारी पारीनं," कवडू म्हणाला.

"हाव. पारी पारीनं."

तेव्हापासून पोरांनी आपलंच ठरवलं. गोहनाच्या बाहेरच्या अंगाला, झाडीच्या बाजूनं कोण चालेल आणि आत कोण, हे ती नाल्यानाल्याला बदलायची. नंदीसुद्धा आपली पारी सोडायची नाही. बाहेरच्या अंगाला आली की तिची मान झाडीकडून हलत नसे आणि काठी दोन्ही हातांत असे.

*

सहाव्या दिवशी सकाळी गोहन पटेलांच्या बांधीजवळून जात होतं. बांधीत गोवर्धन, पटेलांचा सालदार, गुडघाभर चिखलात नांगर धरून होता. रुख्मा थबकली.

"गोवर्धन, तू इथं? मंग म्हशी कोनाजवर?"

"शामकला घेऊन गेली."

"कोन शामकला? पटेलाची नात?"

"रोवाचे परे पिवळे पडून राहिले. पटेलानं मले काल सांगितलं, उद्यापासून चिखल कर. पोट्टीले मनाले, म्हशी बोडीत जाऊन बसतात, तुले काय कराचं आहे, काठावर बसून राहा." गोवर्धननं नांगर दाबला. तिच्याकडे बघितलं नाही. "मी चाकर मानूस, काकू."

"सात वर्षाची पोट्टी, गोवर्धन."

"तुयाजवर बी सातचेच आहेत ना."

रुख्मानं काठी उचलली. ती गोहनामागं निघाली.  आपल्याजवळ सहा आहेत आणि तिथं एक आहे, एवढाच फरक. पण सहा दिवस ती पोरांना दुसरं काय शिकवत होती?

दुपार कलली तशी ढोरं नाल्याच्या अलीकडं चरत होती. नंदीची पारी बाहेरची होती. ती आली आणि रुख्माच्या लुगड्याला धरून म्हणाली, "आजी, तिकडं चिखलात पाय आहे."

वाघाचा पाय पसाभर उमटला होता. त्यात पाणी भरत होतं, अजून गढूळ. रुख्मा वाकली तेव्हा कडेचा चिखल तिच्यादेखत खाली ओघळला. आत्ताच गेला होता. गोहनाचा वास त्याला आला असणार, पोरांचा गलका ऐकला असणार, आणि तो बाजूनं निघून गेला होता. तोंड पल्याडच्या बोडीकडे होतं.

रुख्मा तशीच वाकून राहिली. बोडी अर्ध्या कोसावर. पोरांना ढोरांजवळ सोडून पळत गेलं, तर साठ ढोरं आणि सहा पोरं उघडी. पोरांना गावाकडे पाठवलं, तर मधे नाला आणि दाट झाडी. गेलंच नाही, तर कोणी तिला विचारणार नव्हतं. म्हशी तिच्या राखणीत नव्हत्या, पोरगी तिच्या राखणीत नव्हती. पटेलांनी आखरावर तिच्या तोंडावर तसं सांगितलं होतं. आणि या साठांतलं एक जरी गेलं, तर पोळ्याला तिचं चूल-पोतेरं आखराबाहेर.

ती उठली. "सारे आपन बोडीवर जाऊन राहिलो. गोहन सुद्धा. धावू नका. पन दमादमानं बी चालू नका."

पोरांनी ढोरं वळवली. सहा दिवसांत त्यांना ते येऊ लागलं होतं. दोघं डाव्या अंगाला, दोघं उजव्या, आवाज करत, काठ्या आपटत. गाई अंग अंगाला लावून चालू लागल्या. वाट चढाची, दगडाची. मागची घंटी लांब पडू लागली. टक… टक…

"आजी," कवडू मागं बघून म्हणाला, "लंगडी मांगं राहिली."

"चाल."

"तूच तं सांगितलं होतं, ती थांबली का सारे—"

"चाल मनलं ना!" तिनं काठी उगारली. कवडूनं मार चुकवायला हात वर केला. तिनं मारलं नाही, पण हात उगारला गेला होता.  कवडू पुढं चालला, फक्त दर दहा पावलांनी मागं बघत राहिला.

*

बोडीत म्हशी नाकाएवढ्या बुडून बसल्या होत्या. नऊ काळ्या नाकपुड्या आणि शिंगं, बाकी सगळं गढूळ पाणी. शामकला पाळीवर, पळसाखाली, मोठ्या माणसाचा मोरा पांघरून बसली होती. मोऱ्यातून तिची नुसती पावलं बाहेर दिसत होती. म्हशीचं एक पारडू तिच्यापासून तीस हातांवर, उंच गवताच्या कडेला चरत होतं.

रुख्मानं तोंड उघडलं तोच पलीकडच्या झाडावर वांदर खकारलं. खॅक. मग दुसरं. सहाही पोरांच्या माना एकदम वर झाल्या.

"आजी, वांदर," नंदी बारीक आवाजात म्हणाली.

"दिसलं. शामकला! उठ. धावू नको. चालत इकडं ये. मोरा राहू दे अंगावर."

शामकला उठली. तिनं एकदा गवताकडे बघितलं. तरी ती चालत आली. मोऱ्यामुळं ती पोर वाटत नव्हती, एखादं चालतं झुडूप वाटत होती. पोरांनी तिला हाताला धरून गाईंच्या आत ओढलं.

म्हशी पाण्यातच होत्या. त्यांना वास लागला नव्हता. नाकं पाण्याला टेकलेली होती. हाका मारून म्हैस पाण्यातून उठत नाही, हे रुख्माला चांगलं माहीत होतं. ती पाळीवरून पारडाकडे निघाली.  पंधरा हातांवर गवत एके ठिकाणी वाऱ्याच्या उलट वाकलेलं होतं. तिनं तिकडे बघितलं नाही. पारडाचा कान मुठीत धरला आणि जीव खाऊन पिळला.

पारडू असं काही किंचाळलं, की बोडीतलं पाणी उसळलं. नऊच्या नऊ म्हशी एकदम उठल्या. मोठी भुरी पुढं, तिच्या पाठीवरून पाणी धो धो ओघळत होतं, आणि ती सरळ पाळ चढून रुख्माच्या अंगावर आली. रुख्मानं पारडू गाईंच्या दिशेनं लोटलं आणि आडवी पडली. भुरीचा खूर तिच्यापासून बोटभर अंतरावर रुतला. म्हशी तिच्या दोन्ही बाजूंनी गेल्या, पारडाभोवती वळल्या, आणि तेव्हा त्यांना वास लागला. माना खाली गेल्या. नाकपुड्या फुरफुरल्या. पारडू मधे, गाई मधे, पोरं मधे, आणि बाहेर नऊ डोकी, शिंगं गवताकडे.

रुख्मा हाता-पायांवर रांगत त्यांच्या आत आली.

गवतात पिवळं काहीतरी सरकलं. एवढंच. भुरी चार पावलं पुढं गेली आणि फुरफुरली. पिवळं थांबलं. पुन्हा म्हशीची रांग, पुन्हा पाऊस.

"काठ्या वाजवा," रुख्मा म्हणाली. "आवाज करा. थकला का त्यानं मंधात याचं, दुसऱ्यानं बाहेर जाचं."

"पारी पारीनं," कवडू म्हणाला, आणि म्हशीच्या पोटाशी जाऊन हाळी देऊ लागला. त्याचा घसा बसला तसा तो आत आला आणि दुसरा गेला. नंदी गेली. एकाला लघवी आवरली नाही, ती मांडीवरून ओघळली, कोणी हसलं नाही. मग शामकला मोरा काढून ठेवत म्हणाली, "आता मी." म्हशी तिच्याच होत्या. ती भुरीच्या मागच्या पायाला हात लावून उभी राहिली आणि म्हशींना घरी जशी हाक मारायची तशी मारू लागली, "हिर्र… हिर्र…" मोठ्यानं, रडवेली, न थांबता.

किती वेळ गेला कोण जाणे. वांदरांचा आवाज हलला. समोरच्या झाडावरून उजवीकडच्या, तिथून मागच्या. वाघ वळसा घालून निघाला होता, ज्या वाटेनं ते आले त्या वाटेकडे. रुख्मानं कपाळावरचं पाणी पुसलं.

टक… टक…

लंगडी येत होती. गोहन थांबलं नव्हतं, म्हणून ती आपली माग काढत, चढ चढत, एकटी येत होती. पोरांनी हाळ्या थांबवल्या. सगळ्यांनाच ऐकू आलं.

"आजी," कवडू कुजबुजला, "लंगडी येऊन राहिली."

रुख्मानं त्याचा दंड धरला. इतका घट्ट, की पुढं दोन दिवस तिथं तिची चार बोटं उमटलेली होती.  तिच्या मनात आलं, पळत जावं; दोनशे हातांचं तर अंतर. पण ती हलली तर पोरं हलणार, पोरं हलली तर गाई फुटणार.

टक… टक… टक टक टक टक—

मग नुसता पाऊस.

*

परतताना तिनं वाट सोडली आणि बोडीच्या खालच्या अंगानं गोहन उतरवलं. म्हशी बाहेर, गाई आत. कोणाला काही सांगावं लागलं नाही. आखरावर पोचली तेव्हा अजून उजेड होता. बायका बांधीतून नुकत्याच येत होत्या. तेजराम पटेल काठी टेकत, छत्रीवाचून, चिखलात उभे होते. गोवर्धननं बोडीवर जाऊन बघून त्यांना सांगितलं असावं की तिथं कोणी नाही. शामकला भुरीच्या पाठीवरून उतरली आणि आजाकडे गेली. पटेलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खांद्यावर ठेवला, हात धरून बघितले. रुख्माकडे बघायला त्यांना वेळ लागला.

लोक आपापली ढोरं ओळखून नेऊ लागले. भैयाजी मोठ्यानं म्हणाला, "सारी आली ना? हाव, सारी आली."

"एक कमी आहे," कवडू म्हणाला.

आखर थांबलं. पटेलांनी मान वर केली. "कोनाची?"

कवडूनं रुख्माकडे बघितलं.  ओच्यातले तीन खडे ती एकेक करून चिखलात टाकत होती.

"आजीची," तो म्हणाला.

टिकाराम कधी दारातून उठून भिंत धरून आला होता ते कोणी बघितलं नव्हतं. सुजलेला पाय त्यानं वर उचलून धरला होता. "मी तवाच समजलो," तो म्हणाला. "घंटी नाही आयकू आली." मग बायकोला म्हणाला, "पाय धू. भात आहे." ती त्याला खांदा देऊन घरात गेली.  दुसऱ्याची गाय गेल्यावर गायकीला काय विचारायचं हे पंचांना ठाऊक होतं. त्याची स्वतःचीच गेल्यावर काय विचारायचं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

*

सकाळी नऊ म्हशी आखरावर होत्या. त्यांच्यामागं शामकला होती, आणि शामकलामागं स्वतः तेजराम पटेल, धोतर गुडघ्यावर खोचून, हातात काठी.

रुख्मानं विचारलं, "पटेल, तुमी?"

"गोवर्धन चिखलात आहे. हर घरून एक जन ठरलं होतं ना." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पोट्टीले आज ताप आहे, तरी आयकत नाही. मी आलो."

रुख्मानं खडे वेचले. तीन टाकले, वर आठ बोटं मोडली. अडुसष्ट. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि चालू लागली.

रानाच्या तोंडाशी कवडू पटेलांजवळ आला. तो त्यांच्या कमरेएवढा होता. "पटेल, तुमी बाहेरच्या अंगाले चाला. आमी काल होतो."

कोणी हसायच्या आत तो मागच्या गाईंकडे पळालाही. पटेल क्षणभर उभे राहिले. मग गाईंना वळसा घालून झाडीच्या बाजूला गेले.

वाट चढाला लागली. काठी रोवायची, एक पाय, मग दुसरा. दहा पावलं, पंधरा पावलं अंतर पडलं. गोहन पुढं चाललं होतं. मागं घंटी नव्हती, म्हणून शेपूट कुठं आहे ते रुख्माला पुढून समजत नव्हतं. ती आज सारखी वळून बघत होती आणि बघण्यासारखं काही नाही हे ठाऊक असूनही बघत होती.

"थांबा रे!" मागून कवडू ओरडला. "पटेल मांगं राहिले!"

डावीकडच्या पोरांनी काठ्या आडव्या धरल्या. उजवीकडच्यांनी धरल्या. पुढच्या गाई थांबल्या, मग मधल्या, मग म्हशी. सगळं गोहन पावसात उभं राहिलं. तेजराम पटेल मान खाली घालून, एकेक पाय उपटत येत होते, आणि ते येऊन पोचेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

रुख्मानं "चला" म्हणायला थोडा वेळ घेतला.